कोरडी ठेवायची झाडं

२४ मे. सकाळचा चहा झाला आणि मी मागच्या पडवीत पाट टाकून दगडांवरची कुजलेली झाडं खरवडायला बसले. हाताशी जुनी सुरी, दाढीचं पातं, टाकून दिलेला दातांचा ब्रश आणि दालचिनीची पूड. कुजका भाग आत हिरवं लागेपर्यंत पात्याने कापत जायचा. मग जखमेवर दालचिनी दाबायची आणि दगड वाऱ्याला उभा करून ठेवायचा. बुरशी त्याने थांबते, थांबायची असेल तर. त्या सकाळी बहुतेक दगडांवर हिरवं लागलंच नाही.

कुजलेल्या आमरीला, म्हणजे ऑर्किडला, वास येतो. भिजत घालून विसरलेल्या वालांना येतो तसा. बोट दाबलं की साल तशीच राहते आणि आतून पाणी येतं.

आमरी म्हटलं की लोकांना हॉटेलच्या काउंटरवरची जांभळी फुलं आठवतात. माझ्याकडची तशी नव्हेत. ही कातळावर वाढतात. शर्टाच्या बटणाएवढे चपटे कंद, त्यांच्यावर सुक्या जाळीसारखी साल, एकाला एक चिकटून दगडभर पसरलेले. पावसाळ्यात प्रत्येक बटणातून दोन पानं येतात आणि पानांच्या मधे विटकरी रंगाचं एक फूल, तेही अर्धवट मिटलेलं आणि बिनवासाचं. पाहुण्यांना दाखवावं असं त्यात काही नाही. पाऊस सरल्यावर पानं गळतात आणि पुढच्या पावसापर्यंत बटणं मेल्यासारखी पडून राहतात. या काळात त्यांना पाणी घालायचं नसतं. पहाटे दगडावर दहिवर पडतं, तेवढं पुरतं. त्याहून जास्त ओल झाली की ती कुजतात. ही झाडं वाढवायची सगळी विद्या म्हणजे उन्हाळाभर हात आवरणं.

ती मी जंगलातून उपटून आणलेली नाहीत. हरिहरेश्वरकडे जाणारा रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा आमच्या गावाबाहेरच्या वळणावरचा काळा कडा सुरुंग लावून पाडला. मी हायस्कुलात शास्त्र शिकवते, रोज त्याच वळणावरून स्कूटरने जाते. पावसात त्या कड्यावर ही बटणं हिरवी होताना मी वर्षानुवर्षं पाहिली होती. दगडांचा ढीग रस्त्याकडेला पडला, त्यातले बटणं असलेले तुकडे मी स्कूटरवर पायांजवळ ठेवून खेपा करून घरी आणले. ठेकेदाराचा माणूस बघत होता. म्हणाला, "बाई, खडीच पाहिजे तर सांगा, गाडी पाठवतो. असं एकेक दगड नेऊन घर कधी व्हायचं?" उरलेल्या कड्यावर पुढे लोखंडी जाळी ठोकून सिमेंट फवारलं. ही जात आणखी कुठे असेलही. मी आसपासच्या डोंगरांवर शोधली, मला मिळाली नाही.

पहिल्या वर्षी सुटलेली बटणं मी तांब्याच्या तारेने बांधली आणि ती काळी पडली. तांबं त्यांना सोसत नाही. मग शेजारच्या कोळणीकडून फाटक्या जाळ्याचा दोरा आणला. समुद्राचा खारा वारा लागू नये म्हणून दगड मागच्या पडवीच्या पायऱ्यांवर, उत्तरेच्या बाजूला ठेवले. तिथे ती नीट राहिली, दर पावसाळ्यात दोन-चार बटणं वाढली.

ती मारली माझ्या सासऱ्यांनी. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

आबांची पोफळीची वाडी आहे, घराच्या मागेच, उतारावर. वाडी असलेल्या घरात दिवाळीपासून मेअखेरपर्यंत शिंपणं हे एकच काम असतं. विहिरीचं पाणी पाटाने सोडायचं. प्रत्येक पोफळीभोवती मातीचं गोल आळं बांधलेलं असतं, ते भरलं की पाटाचं तोंड फावड्याने बंद करायचं आणि पुढच्या झाडाचं उघडायचं. पाळी चुकली की शेंडा पिवळा पडतो, आणि पिवळा शेंडा रस्त्यावरून दिसतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आबांनी माझ्याकडून एक आळं बांधून घेतलं. बघून म्हणाले, "हे आळं हाय का कुत्र्यानं उकरलंय?" आणि पायाने मोडून पुन्हा बांधायला लावलं.

मग चक्रीवादळ आलं. सकाळी उभी असलेली वाडी संध्याकाळी आडवी होती. आबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. नव्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी खोडं हलवून नवी रोपं लावली. माझ्या नवऱ्याने रोपांना ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि मोटारीला वेळ लावली. मोटार आपली आपण सुरू होते, आपण बंद होते. वाडीत आबांना करण्यासारखं काही राहिलं नाही.

त्यानंतर त्यांचं विसरणं सुरू झालं. पाण्याच्या वेळेला ते वाडीत जायचे आणि पाट शोधायचे. गेल्या वर्षी एका नळीत पाय अडकून पडले, खुब्याचं हाड मोडलं. माणगावच्या डॉक्टरांनी हाड बसवलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी एकदा पडले तर अंथरुणातून उठणार नाहीत. तेव्हापासून वाडीकडच्या फाटकाला कडी आणि कडीला कुलूप. आबा काठी घेऊन पडवीपर्यंत येतात, पुढे जायला वाट नाही.

काहीतरी शिंपायला हवं म्हणून मी त्यांना कुंड्या दिल्या. तुळस, जास्वंद, अळू. ते कुंडीत बोट खुपसायचे आणि म्हणायचे, "ह्यांना हाय पाणी." आणि पायऱ्यांवरच्या दगडांकडे काठी दाखवायचे. "ती बघ, ती तहानलीत." मी सांगायचे, आबा, त्यांना पाणी चालत नाही. ते मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शाळेच्या वेळात ते तेव्हा बहुतेक पडून असत, बाकी वेळ मला लक्ष ठेवता येत होतं.

मे महिन्यात शाळेच्या प्रशिक्षणासाठी मला आठवडाभर अलिबागला जावं लागलं. नवरा माणगावला नोकरीला, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो, मागच्या पडवीकडे फिरकत नाही. दिवसा आबांकडे बघायला शेजारच्या कोळणीला सांगितलं. ती सकाळी मासे विकते, दुपारी मोकळी असते. तिला एकच गोष्ट बजावून गेले, की म्हाताऱ्याला फाटकाकडे जाऊ देऊ नकोस.

परत आले तेव्हा पायऱ्यांवर प्रत्येक दगडाभोवती आळं होतं.

तांबड्या मातीचं, गोल, कडेने तळव्याने थोपटून गुळगुळीत केलेलं. एवढुशा दगडाला एवढुसं आळं, मोठ्याला मोठं. सगळी काठोकाठ भरलेली. त्या पाण्यात माझी बटणं फुगून बसली होती. माती त्यांनी कुंड्यांतली उपसली होती. तुळस आणि जास्वंद आडवी टाकलेली होती. काम इतकं नेटकं होतं की एका आळ्यातून थेंब गळत नव्हता.

आबा खुर्चीवर बसले होते. मला बघून खुशीत म्हणाले, "आलीस? आता शेंडा बघ कसा काळाभोर व्हईल."

मी पिशवी खाली ठेवली आणि सुरी शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी उजेडात सगळं तपासलं. तीन दगडांवरची बटणं दाबून घट्ट लागली. एक भाकरीएवढा दगड आणि दोन लहान. ते मी गच्चीवर नेले. तिथे लोखंडी जिना आहे, आबांना चढता येत नाही. टाकीच्या सावलीत, भिंतीला उभे करून ठेवले. पाऊस आला की मग पाणी बाधत नाही, उलट लागतं. म्हणजे तोवर ते कोरडे राहिले पाहिजेत. पाऊस आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला येतो, कधी दुसरा आठवडा उजाडतो. बाकीचे दगड खरवडायला पडवीच्या कोपऱ्यात रचले आणि आळी धुऊन काढली.

आबा आले, शिंपायचा पत्र्याचा डबा भरला, रिकाम्या पायऱ्यांपुढे उभे राहिले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मग मी बोंबील परतायला वळले, तर फाटकाचा आवाज आला. कुलूप उघडेना म्हणून ते शेजारच्या गडग्यावर, जांभ्याच्या बुटक्या कुंपणावर चढत होते, मोडलेलाच पाय आधी वर टाकून. मी धावले आणि कमरेला धरून मागे ओढलं. नडगी सोलवटली होती.

"सोड गो! पाळी चुकेल!"

"आबा, मोटार आहे आता. पाणी लागलंय वाडीत."

"मोटारीला काय कळतंय? सोड म्हनतो ना!"

काठी माझ्या खांद्यावर बसली. त्यांना खुर्चीत बसवून मी नडगीला हळद लावली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताटाकडे बघायचे आणि फाटकाकडे बघायचे.

तर २४ तारखेला मी खरवडत बसले ती या सगळ्यानंतर. कोळीण पाटी घेऊन दारात आली, माझं काम बघून तिथेच टेकली.

"काय झालं गो बाय दगडांना?"

"कुजली झाडं. आबांनी पाणी घातलं आठवडाभर."

"पानी घातलं म्हनून मेली? ही कसली झाडं? माझ्या सुनेनं मला एवढं पानी इचारलं असतं तर मी अजून इस वर्सं काढली असती."

"तू बघत होतीस ना? थांबवलं का नाहीस?"

ती उसळली. "थांबवू कशाला? तूच सांगून गेलीस, फाटकाकडं सोडू नको. एकदा तरी गेला का फाटकाकडं? न्हाय गेला. येऊन बघावं तर मातीत बसलेला, गप. जेवायला हाक मारली की हात धुऊन येत होता. तुला म्हातारा पायजे होता का दगड, ते सांगून जायचं व्हतं."

मी तिच्याकडून मांदेली घेतली.

तिचं बोलणं खरं होतं आणि उपयोगाचंही होतं. आठवडाभर दगड होते, तर आबा फाटकाकडे गेले नव्हते. एक दिवस दगड उचलले, तर गडग्यावर चढले. कोपऱ्यात मेलेल्या दगडांचा ढीग होता. त्यांच्यावर आता कितीही पाणी ओतलं तरी काही बिघडणार नव्हतं. ब्रशने घासल्यावर वरची सुकी साल जागच्या जागी होती. लांबून फरक कळत नव्हता.

दुपारी मी ते ओळीने पायऱ्यांवर मांडले आणि आबांना हाक मारली. "आबा, ही घ्या तुमची झाडं."

ते लगबगीने आले. खुर्ची पुढे ओढली, डबा मांडीवर घेतला. पण पाणी घालायच्या आधी वाकले आणि अंगठ्याच्या नखाने एक बटण खरवडलं. पोफळीचं रोप जिवंत आहे का हे ते असंच बघत. मग दुसरं खरवडलं. मग पुढच्या दगडावरचं.

"हे मेलंय."

"असू दे. घाला थोडं."

"हे पण मेलंय. सगळी मेलीत." त्यांनी डबा खाली ठेवला. "मेलेल्याला पाणी द्यायला भट लागतो गो. मी वाडीवाला माणूस."

त्यांनी काठीने दगड एकेक मागे-पुढे केले, जसे रोपवाटिकेत टाकाऊ रोपं बाजूला करतात.

"भाकरीएवढा होता तो यात न्हाय. जिवंत कुठं ठेवलीस?"

"वर. गच्चीवर."

"का?"

खरं सांगायचं ठरवलं. दुसरं काही सुचलं नाही, असंही म्हणता येईल. "आबा, या झाडांना उन्हाळ्यात पाणी चालत नाही. कातळावरची आहेत. तुम्ही आळी बांधून पाणी साचवलंत म्हणून ती कुजली."

त्यांनी ऐकलं. नीट ऐकलं. नखात अडकलेला गर बघितला, धोतराला पुसला.

"म्हंजे मी मारली?"

"हो."

"मला कुनी सांगितलं न्हाय."

मी त्यांना हिवाळ्यापासून रोज सांगत होते. "राहिलं सांगायचं," मी म्हटलं.

त्यांनी दगडांकडे बघितलं. डोळे पूर्वीसारखे होते, वाडीत फावडं टेकून उभे राहत तेव्हाचे. "पाणी घालून मारली," ते म्हणाले. "वादळानं पाडली ते ठीक. पाणी घालून मी कधी काय मारलं नव्हतं."

मला त्यांना हात लावावासा वाटला, पण आमच्या घरात ती पद्धत नाही. मी मांदेली साफ करायला घेतली. तेवढ्यात ते मागून म्हणाले, "वरची हायत ती कोन शिंपतंय?"

"कोणी नाही."

"मग ती मरतील ना गो!" आणि काठी शोधू लागले.

संध्याकाळी नवरा आला. आबा त्या वेळेपर्यंत दोनदा फाटकाशी जाऊन आले होते, मी दोनदा परत आणलं होतं. दुपारी चार घास खाल्ले होते, तेही मी समोर बसून.

"प्लास्टिकची आणू का झाडं?" नवरा म्हणाला. "माणगावात मिळतात, खऱ्यासारखी."

"नखाने खरवडून बघतात ते."

"मग गडगा वाढवून घेऊ. दोन थर चिरे चढवले की झालं."

"आणि पुढचं दार? तेही बुजवायचं?"

तो पाणी प्यायला, भांडं खाली ठेवलं. "अगं, तुझी ती तीन आहेत ना वर? दे त्यांना. बटणं तर आहेत. डोंगरावर ढीगभर असतील."

"तो डोंगर तुमच्या गाडीखाली आहे. रोज त्याच्यावरूनच जाता."

तो चिडला नाही. माझ्या खांद्यावर काठीचा वळ होता, तो त्याने बघितला होता. एवढंच म्हणाला, "तुझी शाळा उघडली की घरी कोण आहे त्यांना दिवसभर धरायला?"

कोणी नव्हतं. पण शाळा उघडेपर्यंत पाऊस आलेला असतो. पाऊस लागला की आबा बाहेर पडत नाहीत. पावसात वाडी शिंपायची नसते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे, ते विसरत नाहीत. प्रश्न तोपर्यंतचा होता. तुळशीला पाणी आहे म्हणून ती त्यांना नको. मेलेलं मेलंय म्हणून नको. जिवंत आहे आणि कोरडं आहे असं आमच्या घरात त्या तीन दगडांशिवाय काही नव्हतं.

मी भांडी घासताना हिशेब केला. आळ्यात बसवलेला दगड आठवडाभर टिकतो, मोठा असेल तर थोडा जास्त. तिन्ही एकदम दिले तर तिन्ही एकदम जातील. एकेक दिला तर एखाद्या वेळी पाऊस आधी येईल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गच्चीवर गेले. कोणता द्यायचा यावर फार विचार केला नाही. मोठा. त्याच्यावर बटणं जास्त, म्हणून दम जास्त. शिवाय त्यांनी नाव घेतलं होतं ते त्याचंच. पात्याने त्याच्या कडेची चार बटणं मुळांसकट सोडवली आणि कौलाच्या तुकड्यावर जाळ्याच्या दोऱ्याने आवळून बांधली. या दिवसांत त्यांना हलवायचं नसतं. चारांतलं एखादं धरेल, कदाचित एकही नाही. तो तुकडा दोन लहान दगडांच्या मधे उभा ठेवला. मोठा दगड पोटाशी धरून जिना उतरले.

पडवीत तो मी भिंतीला टेकवून तिरका लावला, पाणी निथळून जावं म्हणून. आबा तोंड धुऊन आले. दगड बघितला, वाकले, एका बटणावर नख ओढलं. हिरवं लागलं.

"हे जिवंत हाय."

"हो."

"मग वाकडं काय ठेवलंस? पाणी राहील कसं?" त्यांनी दोन्ही हातांनी दगड आडवा करून पायरीवर नीट बसवला आणि माझ्याकडे हात पुढे केला. "माती आन."

मी पुढच्या अंगणातून घमेल्यात तांबडी माती आणली, त्यात पाणी शिंपडून दिली. ते खाली बसू शकत नाहीत, म्हणून पाट त्यांच्या पायांशी सरकवला आणि काखेत धरून त्यांना त्यावर बसवलं. ते कडेने माती लावू लागले. मी डबा निम्मा भरून त्यांच्या हाताशी ठेवला आणि आत जाऊन तांदूळ धुतले.